एका हातात गदा, एका हातात गाव

वरच्या चौकात आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. ओलोमोउत्स हे चेक प्रजासत्ताकाच्या मोराविया भागातलं जुनं शहर. माझी भाची इथे शिकायला आहे, म्हणून माझं येणं झालं. चौकाच्या मधोमध नगरभवन, पलीकडे ३५ मीटर उंचीचा पवित्र त्रैक्याचा स्तंभ, आणि जवळच हर्क्युलीसचं कारंजं. कारंजं म्हणायचं, पण मुळात तो पाण्याचा मोठा हौद. हौदाच्या मध्यावर चौथऱ्यावर हर्क्युलीस उभा आहे. उजव्या हातात गदा, पायाशी सात तोंडांची हायड्रा पसरलेली, आणि डाव्या हातावर एक पक्षी. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी असलेला गरुड. हाच गरुड ओलोमोउत्सचं नगरचिन्ह आहे.

माझी सगळी नोकरी नगरपालिकेत झाली. शिक्का नसलेला कागद मी कधी पुढे सरकवला नाही. त्यामुळे माझी नजर त्या चिन्हावर खिळली. भाची वेगळंच काही पाहत होती. तिथून सुरू झालेलं बोलणं दिवे लागेपर्यंत चाललं. जसं आठवतं तसं मांडतो.

ती: मामा, तू मघापासून त्या पक्ष्याकडेच बघतोयस.

मी: मग काय बघू? या पुतळ्यात ओलोमोउत्सचं म्हणावं असं तेवढंच तर आहे. हर्क्युलीस ग्रीकांचा, हायड्राही त्यांचीच. असा पुतळा युरोपातल्या कुठल्याही चौकात शोभला असता. त्याच्या हातावर हा गरुड बसवला आणि तो या गावचा झाला. मजकूर कितीही चांगला असू दे, खाली शिक्का बसल्याशिवाय तो कागद कार्यालयाचा होत नाही. तसंच हे.

ती: आणि मी त्या हाताकडे बघतेय. हा हर्क्युलीस कोण, ते आधी विचार. त्या काळी हाब्सबुर्ग सम्राट हर्क्युलीसच्या रूपात स्वतःचं कौतुक करून घ्यायचे. मिखाएल मांडीकने हा पुतळा घडवला १६८७-८८ मध्ये. व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा पडला नि उठला तो १६८३ साली, म्हणजे जेमतेम चार-पाच वर्षांपूर्वी. गादीवर लिओपोल्ड पहिला. हा बलदंड पुरुष कोण आणि सात तोंडांचा शत्रू कोण, हे त्या वेळच्या माणसाला समजावून सांगावं लागलं नसेल. आता या चित्रात शहर कुठे आहे? सम्राटाच्या तळहातावर. तू ज्याला गावाचा शिक्का म्हणतोस, तो मला मालकाच्या हातातला पाळलेला पक्षी वाटतो.

मी: पाळलेला म्हणू नकोस. राखलेला म्हण. हा हौद ज्या पिढीने बांधला तिने काय पाहिलं होतं, तेही विचारात घे. तीस वर्षांच्या युद्धात १६४२ साली स्वीडिश फौजेने हे शहर घेतलं आणि १६५०पर्यंत सोडलं नाही. आठ वर्षं! तीस हजारांच्या घरातली वस्ती दोन हजारांच्याही खाली आली. मोरावियाच्या राजधानीचा मान ब्रनोकडे गेला, तो परत आला नाही. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी नगरसभेने हे कारंजं उभारलं. ज्यांच्या आईबापांनी जळकी घरं पाहिली, ती माणसं एका बळकट हातावर आपलं चिन्ह ठेवतात. मला त्यात लाचारी दिसत नाही. घाव आठवून मागितलेला आधार दिसतो.

ती: आधार मागणं मला समजतं. पण आधार मागता मागता माणूस मान खाली घालायला शिकतो, तेही याच गावात दगडात कोरलेलं आहे. सकाळी आपण सीझरच्या कारंज्याजवळ थांबलो होतो. १७२५ सालचं. घोड्यावर ज्युलिअस सीझर. खाली दोन पुरुष टेकून बसलेत, एक मोरावा नदी, दुसरा डॅन्यूब. एकाजवळ मोरावियाची ढाल, दुसऱ्याजवळ लोअर ऑस्ट्रियाची. आणि तिथे एक कुत्रा आहे, आठवतो?

मी: आठवतो ना.

ती: तो कुत्रा म्हणजे ओलोमोउत्स. सम्राटावरची या शहराची निष्ठा. १६८८मध्ये हातावरचा पक्षी, १७२५मध्ये पायाशी कुत्रा. चाळीस वर्षांत शहर हातावरून खाली उतरलं, मामा.

मी: (थोडा वेळ थांबून) कुत्र्याचं मी समर्थन करणार नाही. पण सीझर तिथे का आहे, तेही सांग. हे गाव सीझरने वसवलं अशी इथली जुनी दंतकथा आहे, म्हणून ना? खरी नाहीच ती. पण त्या दंतकथेतून गावाने आपल्या चिन्हासाठी काय उचललं, ते बघ. गरुडाच्या चार कोपऱ्यांत चार अक्षरं येतात: एस, पी, क्यू, ओ. रोमची खूण होती एस, पी, क्यू, आर, म्हणजे रोमची सेनेट आणि रोमची जनता. यांनी शेवटचं अक्षर बदलून आपलं घातलं. ओलोमोउत्सची सेनेट आणि जनता. सीझरचं नाव घेता आलं असतं, त्याचा मुकुट घेता आला असता. घेतलं काय, तर सभा आणि लोक. ज्या काळात जमिनीवरची प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या राजाची होती, त्या काळात एका गावाने आपल्या ढालीवर ‘जनता’ हा शब्द घातला. माझ्यासारख्या नगरपालिकेच्या माणसाला हे वाचून भरून येतं.

ती: तुला भरून येतं ते मला कळतं. आणि म्हणूनच विचारते. ही जनता म्हणजे कोण?

मी: गावात राहणारे.

ती: नाही रे. १४५४ साली राजा लादिस्लावने या शहरातल्या ज्यूंना बाहेर काढलं. पुढे जवळजवळ चारशे वर्षं, १८४८ पर्यंत, त्यांना इथे राहायची मुभा नव्हती. त्या चार अक्षरांत ते नाहीत. ज्या बायका या हौदावरून पाणी भरून नेत होत्या, त्यांना सभेत जागा नव्हती. मजूर, मोलकरणी, वेशीबाहेरच्या वस्त्यांतले चेक शेतकरी, यांनाही नव्हती. सभेत होते घरदार, धंदा आणि नागरिकत्वाचा हक्क असलेले पुरुष. शब्द मोठा होता, पण आत शिरायचं दार लहान होतं.

मी: हे खरं आहे. मला याला उत्तर नाही.

ती: मला तुला गप्प करायचं नव्हतं.

मी: गप्प नाही झालो. नोकरीतली एक गोष्ट आठवली. आमच्याकडच्या शिक्क्यावरही गावाचं नाव होतं, आणि त्याच गावातली काही माणसं खिडकीशी यायला दबकायची. शिक्क्यात दोष नव्हता, खिडकीत होता. पण शिक्का असल्यामुळे एक झालं. शिकलेला एखादा पोरगा यायचा आणि विचारायचा, इथे गावाचं नाव लिहिलंय, मग माझं काम का होत नाही? शब्द लिहिलेला असला की त्याच्यावर बोट ठेवता येतं. लिहिलेलाच नसता, तर बोट कशावर ठेवलं असतं?

ती: हे मला पटतं. अर्धं तरी पटतं.

मी: मग अर्ध्यावर थांबू. आता तो पक्षी जरा जवळून बघूया. तू इतकी वर्षं इथे आहेस, मला नीट सांग.

(आम्ही हौदाला अर्धी फेरी मारली. या बाजूने उन्हाची तिरीप पुतळ्याच्या खांद्यावर पडत होती.)

ती: आधी एक दुरुस्ती. तो गरुड नाही.

मी: म्हणजे?

ती: चेक भाषेत गरुडाला ‘ओरेल’ म्हणतात. पण ढालीवरचा एका तोंडाचा गरुड नेहमी ‘ओर्लित्से’ असतो, स्त्रीलिंगी. दोन तोंडांचा असला तरच ‘ओरेल’. म्हणजे सम्राटाचा दुमुखी तो नर आणि मोरावियाची ती मादी. इथली माणसं या चिन्हाबद्दल बोलताना ‘ती’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आवडलं होतं. आपल्याकडे गाव नपुंसकलिंगी आणि नगरी स्त्रीलिंगी. हिला नगरीच म्हणायला हवं.

मी: आणि या चौकटी?

ती: त्या चौकटींवरच सगळी ओळख आहे. मध्य युरोपात ढालीवरच्या गरुडांची दाटी आहे. सम्राटाचा काळा, सिलेसियाचा काळा, ब्रांडेनबुर्गचा तांबडा, तिरोलचाही तांबडा. लढाईत किंवा मिरवणुकीत लांबून बघणाऱ्याने ओळखायचं कसं? मोरावियाने आपल्या पक्ष्याच्या अंगावर चौकटी मांडल्या. ओलोमोउत्सची ओर्लित्से निळ्या ढालीवर असते, अंगावर एक चौकट चंदेरी, एक तांबडी. १४६२ साली सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याने मोरावियाच्या सरदार-मानकऱ्यांना चंदेरीऐवजी सोनेरी चौकटी वापरायचा मान दिला. पुढे त्या सोनं-चांदीवरून इथे चेक आणि जर्मन भाषकांत वर्षानुवर्षं वाद झाले. ओलोमोउत्सची मात्र चंदेरीच राहिली.

मी: सोनं मिळत असताना चांदी ठेवली.

ती: तू पुन्हा त्यात मोठेपणा शोधतोयस.

मी: शोधत नाही, दिसतोय तो. बरं, तुझ्या आवडीचं बोलू. चौकात तुला मनापासून काय आवडतं?

ती: हा स्तंभ. १७१३ ते १७१५ मध्ये प्लेगने हा भाग पोखरला होता. तो ओसरल्यावर वेन्झेल रेंडर नावाचा इथलाच पाथरवट-वास्तुकार पुढे आला. त्यानेच नगरसभेला पटवलं, आराखडा केला आणि १७१६ मध्ये काम सुरू केलं. त्यासाठी हा हर्क्युलीस मूळ जागेवरून हलवून इथे आणला. १७३३ मध्ये रेंडर वारला तेव्हा फक्त छोट्या देवळासह खालचा टप्पा उभा राहिला होता. जाताना आपली मालमत्ता त्याने याच कामाला लिहून दिली. पुढे चार जणांनी एकामागून एक काम चालवलं. ओंद्रेय झाहनरने संतांचे पुतळे केले, सोनार सिमोन फोर्स्टनरने तांब्याच्या मूर्तींवर सोन्याचा मुलामा चढवला. १७५४ मध्ये अभिषेक झाला, महाराणी मारिया तेरेझा नवऱ्यासह हजर होती. घडवणारे सगळे या गावचे. अडतीस वर्षं एक गाव एक काम हातात घेऊन बसलं. मला गाव दिसतं ते इथे. हातावर पक्षी बसवून दाखवायची गरज लागत नाही.

मी: तुझं म्हणणं असं, की चिन्हापेक्षा काम मोठं.

ती: हो. आणि त्याचा पुरावा वर आहे. त्या स्तंभाच्या अंगावर, तिथे, सोनेरी गोळा दिसतोय?

मी: अर्धाच दिसतोय.

ती: अर्धाच आहे. १७५८ मध्ये प्रशियाच्या फौजेने शहराला वेढा घातला. तोफांचे गोळे या नव्याकोऱ्या स्तंभावर येऊन आदळले. तेव्हा गोळाबारी चालू असताना नागरिक मिरवणुकीने बाहेर पडले आणि प्रशियाचा सेनापती जेम्स कीथ याला त्यांनी विनवलं, की स्तंभावर मारा करू नकोस. त्याने ऐकलं. जुलैच्या सुरुवातीला वेढा उठला. मग गावाने तोफगोळ्याची अर्धी प्रतिकृती सोन्याचा मुलामा देऊन स्तंभात बसवली. जिथे मार बसला ती खूण त्यांनी जपली. मला विचारशील, तर या गावाचं खरं नगरचिन्ह ते आहे.

मी: छान सांगितलंस. आता त्याच वर्षाची दुसरी बाजू ऐक, काल संध्याकाळी मी वाचत बसलो होतो. शहर टिकवल्याबद्दल मारिया तेरेझाने नगरचिन्हाचा मान वाढवला. या तुझ्या ओर्लित्सेच्या छातीवर तिच्या नवऱ्याच्या आणि तिच्या नावाची आद्याक्षरं आली. एफ, एम, टी. फ्रान्सिस आणि मारिया तेरेझा.

ती: बघ! पक्ष्याच्या छातीवर मालकिणीचं नाव. मी पहिल्यापासून काय म्हणतेय?

मी: पुढचं ऐक. आजच्या चिन्हात ती अक्षरं आहेत का?

ती: (जरा आठवून) नाहीत. झेंड्यावर फक्त ओर्लित्से आणि चार अक्षरं असतात.

मी: म्हणजे महाराणीने दिलेली तीन अक्षरं गळाली आणि गावाने स्वतः घेतलेली चार राहिली. घराणं गेलं, साम्राज्य गेलं, १९१८ मध्ये नवा देश झाला. ढालीवर उरली ती सभा आणि जनता. तू म्हणालीस शब्द मोठा आणि दार लहान. मी म्हणतो, दार रुंदावेपर्यंत तो शब्द थांबून राहिला.

ती: थांबून राहिला असं म्हणणं सोपं आहे. मधे काय घडलं तेही धर. हा हौद बांधणाऱ्या नगरसभेची भाषा जर्मन होती, आणि शहर पुढे कितीतरी काळ बरंचसं जर्मन भाषकच राहिलं. १९१९ मध्ये आजूबाजूची चेक गावं जोडून मोठं ओलोमोउत्स केलं, तेव्हा पारडं फिरलं. नाझींनी ताबा घेतल्यावर इथल्या ज्यूंना छावण्यांकडे पाठवलं. युद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये जर्मन भाषकांना देशाबाहेर जावं लागलं. आता विचार कर. हा पक्षी ज्यांनी इथे बसवला, त्यांचे वंशज इथे नाहीत. ज्यांना त्यातून वगळलं होतं, त्यांतलेही कितीतरी नाहीत. आज या पायऱ्यांवर बसलेली माणसं तिसरीच आहेत. त्यांचं या पक्ष्याशी नातं काय?

मी यावर लगेच काही बोललो नाही. हौदाच्या काठावर एक आजोबा नातवाला उचलून पुतळा दाखवत होते. मुलाचं बोट हायड्राच्या तोंडांवरून फिरत होतं. बहुतेक मोजत होतं.

मी: ते आजोबा काय करतायत बघ.

ती: नातवाला धरलंय.

मी: एका हाताने धरलंय, दुसऱ्या हाताने दाखवतायत. आता पुन्हा हर्क्युलीसकडे बघ. आपण मघापासून भांडलो ते गाव कोणाच्या हातात यावरून. त्या हाताचं काय झालंय, ते दोघांनीही पाहिलं नाही. हायड्राचं एक तोंड तोडलं की तिथे दोन फुटतात, अशी कथा आहे. असल्या शत्रूशी लढताना कुठलाही योद्धा दोन्ही हात मोकळे ठेवील. याचा एक हात अडकलाय. पक्षी खाली ठेवता येत नाही आणि गदाही टाकता येत नाही. लढायचं ते एकाच हाताने.

ती: (बराच वेळ बघून) खरंच की. मी इतक्या वेळा इथून गेले. पक्षी त्याच्या मुठीत आहे एवढंच मला दिसायचं. तो त्या पक्ष्याला बांधला गेलाय, हे नाही दिसलं.

मी: नगरसभेने सम्राटाची स्तुती केली, हे तुझं बरोबर. पण स्तुती करताना त्याच्या हातात एक ओझंही दिलं. राखणदार म्हणवतोस, तर हे धर, आणि हे धरून लढ. ओंजळीत पाणी घेतलेल्या माणसाला हात झटकता येत नाही. प्रत्येक पुतळ्यात हे असतं असं मी म्हणत नाही. सीझरच्या कुत्र्यात नाही. इथे आहे.

ती: मग माझ्या प्रश्नाचं उत्तर मीच देते. आज तो हात कोणाचा आहे, ते विचारायचं. सम्राट नाही. बांधणारे गेले. युरोपातल्या कितीतरी शहरांनी नळ आल्यावर असले जुने हौद पाडून टाकले. ओलोमोउत्सने ते ठेवले, आग लागली तर पाणी हाताशी असावं म्हणून. शोभेसाठी किंवा अभिमानासाठी ठेवले असते तर मला एवढं वाटलं नसतं. ज्या लोकांनी पाण्यासाठी हौद ठेवला, त्यांच्यामुळे हा पक्षी आपल्यापर्यंत आला. पुढे बाहेरून आलेल्या लोकांनी, दुसरी भाषा बोलणाऱ्यांनी, तो काढला नाही. दगड निखळला तर बसवला. १९९९ ते २००१ मध्ये स्तंभ पुन्हा दुरुस्त केला, मधे २००० साली तो युनेस्कोच्या यादीत गेला. २००२ मध्ये तर त्यांनी चौकात एक नवंकोरं कारंजं बांधलं, इव्हान थाइमरने केलेलं, एरियनचं. नातं विचारत होते ना मी? हेच नातं. जो हात पक्षी धरायला गुंतवतो, पक्षी त्याचा.

मी: म्हणजे चिन्हापेक्षा काम मोठं, हे तुझं तू सोडलं नाहीस.

ती: नाही सोडलं. आणि तूही शिक्का सोडला नाहीस. पण आता मला त्या चार अक्षरांतली दोन नीट वाचता येतात. पी आणि ओ. जनता, आणि ओलोमोउत्स. १४५४ साली काढून दिलेल्यांची आठवण न ठेवता ती वाचायची नाहीत, एवढी माझी अट.

मी: अट मान्य. शिक्का उठला की त्याच्याखाली सही करणाऱ्याची जबाबदारी सुरू होते, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकलो होतो. निवृत्त झाल्यावर विसरलो असेन.

दिवे लागले. आजोबांनी नातवाला खाली ठेवलं, पण त्याची तोंडं मोजून झाली नव्हती. त्याने पुन्हा दोन्ही हात वर केले. आजोबांनी हातातली पिशवी हौदाच्या काठावर ठेवली आणि त्याला परत उचलून घेतलं.